क्वेन्काच्या दोन खोल्या

॥ श्री ॥
स्टुटगार्ट, २८ मार्च

चि. सौ. शुभास अनेक उत्तम आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा. मला इथे येऊन दीड आठवडा झाला तरी तुझं एक ओळीचंही पत्र नाही. तुझं कानातलं यंत्र फोनवर शिट्ट्या मारतं म्हणून तर आपण दोघी अजून कागदावर लिहितो आणि पानांचे फोटो धाडतो. कान चालत नसेल तर निदान हात चालव.

मी ठणठणीत आहे. स्टेंट त्याच्या जागी आहे आणि मी माझ्या. सत्यजितचं घर डोंगरउतारावर आहे, स्टेशनावरून वर यायचं तर नुसत्या पायऱ्याच पायऱ्या. पहिल्याच दिवशी चिरंजीव मला हात द्यायला पुढे आले. मी त्याला सांगितलं, जन्मभर शाळेतल्या पोरांना कवायत शिकवलेल्या आणि रोज सकाळी सदाशिवगड चढणाऱ्या बाईला हात द्यायचा तर आधी आपलं पोट आत घे. ब्रेकचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत राहून त्याला स्वतःलाच ब्रेक लागलाय.

ईप्सिता आठ वर्षांची झाली. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये येतं, ते मला चालतं. या वेळी मात्र मी काही विचारलं की आधी बापाच्या तोंडाकडे बघते आणि मग बोलते. आजीची सवय मोडली असेल. सुकन्या बारीक झाली आहे. काल स्वतःच्याच स्वयंपाकघरात चहाचं गाळणं शोधत तीन खण उघडत होती. मी हसले, तर सत्यजित घाईनं म्हणाला की आम्ही नुकतंच सगळं हलवलंय. नोकरी करणाऱ्या बायकांचं असं होतंच.

चैत्र आहे म्हणून मी सुकन्येची ओटी भरायची म्हणतेय. खण कराडहून आणलाच आहे, नारळ इथल्या तमिळ दुकानात मिळाला. तुला आठवतं ना, हे गेले त्या वर्षी मी हळदीकुंकू बंद केलं होतं. तेव्हा सुट्टीवर आलेल्या सुकन्येनं स्वतः पाट मांडला, त्यावर बसली, आणि म्हणाली की ओटी आईच भरतील, नाहीतर मी कुणाच्याच हातची घेणार नाही. तुझी जाऊबाई तोंड फिरवून बसली होती. त्या दिवसापासून ही पोर माझी सून राहिली नाही, मुलगी झाली. पण आता दोनदा म्हणाले, दोन्ही वेळा तिनं टाळलं. एकदा डोकं दुखत होतं, एकदा मीटिंग होती.

ईस्टरच्या सुट्टीत सत्यजित आम्हा सगळ्यांना स्पेनमधल्या क्वेन्का नावाच्या जुन्या गावी नेणार आहे. मला खर्च नको वाटतो, पण तो ऐकत नाही. तुझ्यापाशी म्हणून लिहिते, हे गेल्यापासून मी दोन गोष्टींच्या भरवशावर रात्री झोपते. पोरांचं नीट चाललंय ही एक, आणि कुठे काही बिनसलंच तर शुभा मला सांगेल ही दुसरी. तेव्हा लिहीत जा. लोभ आहेच, तो या थंडीत जरा जास्त लागतो.

तुझी,
ताई

॥ श्री ॥
कराड, ३१ मार्च

ती. स्व. ताईस शुभाचा सा. न. वि. वि. धपाटा पोचला, पाठ चोळत लिहिते आहे. इकडे ऊन मी म्हणतंय. यांची शुगर बरी आहे. तनय आणि ऋचा पुण्याहून चार दिवस आले होते. मार्गशीर्षात लग्न झालं, पण अजून दोघं एकमेकांना आग्रह करून वाढतात, बघून बरं वाटतं. ऋचाच्या आईनं तुझी चौकशी केली.

ताई, स्पेनला जायचंच. खर्चाचा विचार करू नकोस आणि ऐन वेळी मोडता घालू नकोस. सत्यजितची फार इच्छा आहे. चार दिवस सगळी एकत्र हिंडाल, फिराल, मोकळी हवा मिळेल. तिथे गेल्यावर मात्र त्याला उगाच खोदून विचारत बसू नकोस. त्याला कामाचा ताण असतो, आणि तुझा स्वभाव म्हणजे वर्गात हजेरी घेतल्यासारखा.

ओटीचं म्हणशील तर एवढी घाई कशाला? परक्या मुलखात नारळ, खण घेऊन बसायचं म्हणजे तिलाही अवघडल्यासारखं होत असेल. पुढच्या चैत्रात ती इथे आली की थाटात भर. आत्ता आग्रह करू नकोस, माझं एवढं ऐक. गोळ्या वेळेवर घे. चढावर पोरांशी पैज लावू नकोस. धाकटीवर लोभ ठेव, ती चुकली तरी.

तुझी,
शुभा

॥ श्री ॥
क्वेन्का, ८ एप्रिल

चि. सौ. शुभास अ. उ. आ. तुझं ऐकलं आणि आले, आणि आता परत जावंसं वाटत नाही.

माद्रिदहून तासाभराची गाडी. गाव म्हणजे दोन दऱ्यांच्या मधला खडकाचा एक कणा आहे. एका बाजूनं हूकर नदी, दुसऱ्या बाजूनं तिची धाकटी बहीण वेकर. आपल्या कृष्णा-कोयनेसारख्या याही गावाच्या पायथ्याशी भेटतात. दरीच्या अगदी काठावर जुनी घरं आहेत आणि त्यांचे लाकडी सज्जे सरळ खाली दरीवर बाहेर काढलेले. तिथे वाळत घातलेला टॉवेल वाऱ्यानं उडाला तर तो आणायला दिवस जाईल. गेल्या आठवड्यात ईस्टरच्या मिरवणुका होत्या. त्यांच्या मेणबत्त्यांचं मेण रस्त्याच्या दगडांवर अजून सांडलेलं आहे, त्यावरून माझी चप्पल दोनदा सटकली.

दरीवर एक लोखंडी पूल आहे. चालायला लाकडी फळ्या, आणि फटींतून खाली झाडांचे शेंडे दिसतात. मी मधोमध उभी राहून फोटो काढून घेतला. सत्यजित कठडा धरून, समोर बघत, मारुतीस्तोत्र म्हणतोय असं तोंड करून पलीकडे गेला. काल आम्ही जवळच्या डोंगरातल्या एका जागी गेलो, तिथे वारापाण्यानं खडक असे कोरलेत की वरून रुंद आणि खाली चिंचोळे. कुणी जहाज, कुणी अस्वल. पाईनच्या झाडांतून गोल वाट आहे. ती सगळी मी चालले, शिवाय वर एक चढ जास्तीचा. आज सकाळी हूकर नदीत होडी वल्हवली. सत्यजित आणि सुकन्या एकेका होडीत, मी आणि ईप्सिता जोडीच्या. तिला मी वल्ह्याचा ताल शिकवला, एक-दोन, एक-दोन, आणि पोरगी या सहलीत पहिल्यांदा मोठ्यानं हसली.

खायचे हाल नाहीत. भाज्यांचा एक रस्सा मिळतो, चीज मिळतं, आणि अलाखू नावाची मध-बदामाची वडी मिळते. तिळाच्या वडीची लांबची नातेवाईक समज. तुझ्यासाठी दोन घेतल्यात.

आता सगळ्यांत आवडलेली गोष्ट सांगते. हॉटेलात दोन खोल्या घेतल्यात. मला वाटलं, मी आणि ईप्सिता एकीत आणि ही दोघं दुसरीत. पण सुकन्येनं आपणहून सांगितलं की मी आईंबरोबर झोपणार, सत्यजित घोरतो, त्याला एकट्याला घोरू दे. रात्री ती माझ्या पायांना तेल लावते. नवऱ्याला सोडून सासूच्या खोलीत झोपणारी सून तू पाहिलीस का कुठे? ऋचाला हे वाचून दाखव, तिलाही कळू दे आपल्याकडचं वळण.

नारळ मी बॅगेतून इथवर आणला आहे. उद्या शेवटचा दिवस, उद्या तिला ओटी घ्यायलाच लावते. तू रागावशील, पण रागवायला मी मोठी आहे. लोभ असू दे, पार कृष्णाकाठापासून हूकरकाठापर्यंत.

तुझी,
ताई

॥ श्री ॥
स्टुटगार्ट, १२ एप्रिल

सौ. शुभास आशीर्वाद.

मी सुकन्येला खोलीत खुर्चीवर बसवलं. कुंकू लावायला बोट पुढे केलं तर तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, आई, तुमच्या हातची ओटी मी खोटं बोलून घेणार नाही. खण आणि नारळ पलंगावर तसेच टाकून ती मला बाहेर घेऊन गेली. पुलाच्या अलीकडे दगडी कट्टा आहे, तिथे बसून तिनं सगळं सांगितलं.

तुला ते नव्यानं कळवायची गरज नाही, तरी लिहिते, कारण मला ते कुणालातरी लिहायचं आहे आणि दुसरं कुणी नाही. सत्यजित आणि ती गेल्या सप्टेंबरपासून वेगळी राहतात. इथल्या कायद्यानं घटस्फोटाआधी एक वर्ष वेगळं राहावं लागतं, त्याला ट्रेनुंग्सयार म्हणतात. तिनं स्टुटगार्टमध्येच नदीपलीकडे वोनुंग, म्हणजे फ्लॅट, घेतली आहे. मी येणार म्हणून ती पाहुणीसारखी या घरात राहायला आली. म्हणून तिला गाळणं सापडत नव्हतं. सहलीचं तिनं वकिलाला विचारलं, तर तो म्हणाला की सासूबाईंसाठी जायला हरकत नाही, फक्त खोल्या वेगळ्या ठेवा. ज्या दोन खोल्यांचं कौतुक मी तुला पानभर लिहिलं त्या या.

मी विचारलं, तिसरं कुणी आहे का. नाही म्हणाली. भांडणंसुद्धा संपली होती म्हणाली. मी तिला रागावले नाही. मला पहिली काळजी तुझी वाटली. मी तिला म्हटलं, हे शुभाला मी कसं सांगू, तिला केवढं लागेल. त्यावर सुकन्या म्हणाली की मावशींना दिवाळीपासून माहीत आहे.

दिवाळीपासून. तुला, भावोजींना, तनयला. स्पेनची सहल तुझ्या डोक्यातून निघाली. आधी ताईला आनंदात हिंडवा, मग परतीच्या आधी सांगा, असं तू सत्यजितला सुचवलंस. तनयच्या लग्नाला चार दिवस जोडीनं या म्हणून तू सुकन्येपुढे हात जोडलेस. त्या लग्नात मी मांडवात बसून ऋचाच्या आईला सत्यजितच्या संसाराच्या गोष्टी सांगत होते. तू शेजारी उभी होतीस. सरबताचा पेला माझ्या हातात देऊन तू हसलीस.

ईप्सितेला सांगून ठेवलं होतं की आजीशी घरातलं काही बोलायचं नाही. म्हणून ती आधी बापाकडे बघायची. आठ वर्षांच्या पोरीला तुम्ही सगळ्यांनी मिळून आजीपासून लपवायला शिकवलंत. सत्यजितशी मी अजून बोललेले नाही. तो माझा मुलगा आहे, त्याचं मी बघून घेईन. तुझं कळत नाही.

शैलाताई

॥ श्री ॥
कराड, १४ एप्रिल

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. देवापुढे बसून लिहिते आहे, खोटं लिहिणार नाही.

ताई, तुझ्या काळजापायी केलं गं सगळं. तुला ऐन हिवाळ्यात कळ आली, रिक्षातून नेलं तेव्हा तुझा हात माझ्या हातात थंडगार पडला होता. डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं की धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. अशात मी तुला काय सांगणार होते? तुझं काही बरंवाईट झालं असतं तर मी कुठे तोंड दाखवलं असतं? आपलं माणूस जपायचं तर कधी कधी तोंड बंद ठेवावं लागतं. सत्यजितला वाटलं, पोरांबरोबर चार दिवस हसतखेळत गेले की तुझ्यात बळ येईल आणि मग तो स्वतः सांगेल. सुकन्येनं घाई केली.

तू गोळ्या घेतेस ना? मला एवढं कळव. बाकी शिव्या दे, मी ऐकेन. लोभ तोडू नकोस.

तुझी,
शुभा

॥ श्री ॥
स्टुटगार्ट, १५ एप्रिल

सौ. शुभास,

गोळ्या घेते.

माझ्या छातीत कळ आली ती संक्रांतीनंतर. तुला कळलं दिवाळीत, आणि तनयचं लग्न झालं मार्गशीर्षात. तेव्हा मी सदाशिवगड चढत होते आणि तुझ्या घरच्या लग्नाच्या आहेराची पिशवी माझ्या खांद्यावर होती. माझं काळीज तेव्हा उत्तम होतं. मग तेव्हा तोंड कशासाठी बंद ठेवलंस?

देवापुढून उठून लिही.

शैलाताई

॥ श्री ॥
कराड, २० एप्रिल

ती. स्व. ताईस,

चार वेळा लिहून फाडलं. आता लिहिते ते घे.

ऋचाच्या घरचे जुन्या वळणाचे आहेत. तनयची आधीची दोन स्थळं मोडली होती, हे तू जाणतेस. बोलणी करताना त्यांनी घरातल्या सगळ्यांची विचारपूस केली, आणि मी सत्यजितचं नाव आधी घेतलं, की जर्मनीत आहे, सोन्यासारखा संसार आहे. नंतर दिवाळीत सत्यजितचा निरोप आला. मला वाटलं, तुला सांगितलं तर तू गप्प बसणार नाहीस. तू मांडवातच कुणीतरी विचारल्यावर खरं सांगून मोकळी होशील. तुझा स्वभावच तसा. म्हणून म्हटलं, लग्न पार पडू दे, मग सांगू. मग तुझं दुखणं आलं आणि मला बरं निमित्त मिळालं. हे लिहिताना माझी मला लाज वाटते. मी पोरासाठी बहिणीला फसवलं, याला दुसरा शब्द नाही.

सुकन्येपुढे हात जोडले तेही खरं. ती नको म्हणत होती.

ताई, आता एकच मागते आणि मागायला जीभ रेटत नाही. पुढच्या महिन्यात अधिक मास लागतो. ऋचाच्या माहेरचे तनयला जावयाचं वाण द्यायला बोलावणार आहेत, आपल्या सगळ्यांना जेवण आहे. तू तोवर येशीलच. तेवढा दिवस कुणी विचारलं तर सत्यजितचं ठीक आहे एवढंच म्हण. पहिलं वाण आहे, तिथे विषय निघायला नको. महिना उलटला की मी स्वतः ऋचाला सगळं सांगेन. तुझी शपथ.

तुझ्या पायांवर डोकं ठेवते.

शुभा

॥ श्री ॥
स्टुटगार्ट, २६ एप्रिल

सौ. शुभास आशीर्वाद.

तुझं वीस तारखेचं पत्र मी बाल्कनीत बसून वाचलं. पहिलं पान वाचून मला रडू आलं. खरंच सांगते, मला वाटलं, माझी शुभा परत आली. तसंच उठून तुला दोन ओळी लिहायला बसणार होते. मग पान उलटलं.

वाणाला मी येणार नाही. माझा व्हिसा जूनपर्यंत आहे आणि तोवर मी इथे राहतेय. तू घाबरू नकोस, मी कुणालाही आपणहून काही सांगणार नाही. सत्यजितच्या संसाराची दवंडी पिटायची मला हौस नाही. पण ऋचाच्या आईनं तोंडावर विचारलं तर मी ठीक आहे म्हणणार नाही. तेव्हा मी तिथे नसणंच तुझ्या सोयीचं आहे. तब्येतीचं कारण सांग, ते तुला सांगता येतं.

ऋचाला मात्र आत्ता सांग, वाण घेण्याआधी. ती तुझ्या घरात नवी आहे. तुमच्या घरात सासू प्रेमानं वाढते आणि वाढता वाढता खोटं बोलते, हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती जन्मभर तुझ्या हातचा घास पारखून खाईल. मला हे सुनेकडून कळावं लागलं. तिला निदान सासूकडून कळू दे.

इकडचं सांगते. सत्यजितशी मी शेवटी बोलले. तो लहानपणी काच फोडून आल्यावर उभा राहायचा तसा उभा राहिला. मी त्याला म्हटलं, संसार मोडला तर मोडला, माणसांचे मोडतात, पण तू मला आईच्या जागी न ठेवता पाहुण्यांच्या जागी ठेवलंस. तो म्हणाला की मावशी म्हणाली तसं केलं. मी म्हटलं, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी हे उत्तर चालत नाही. त्याला दोन दिवस वाईट वाटलं, आता रविवारी जेवायला येतो.

येतो म्हणजे सुकन्येकडे. मी तिच्या वोनुंगमध्ये राहायला आले आहे. दोन खोल्या, खाली ट्रामचा आवाज, पण घर तिचं आहे आणि तिला प्रत्येक वस्तू ठाऊक आहे. ती नको म्हणत होती, लोक काय म्हणतील, सत्यजितला काय वाटेल. मी म्हटलं, बाकी सगळ्यांना काय वाटेल ते बघून झालं. ईप्सिता आठवड्यातले काही दिवस इथे असते. सकाळी तिला शाळेत सोडायला मी जाते, आणि ती आता रस्ताभर बोलते, अर्धं मराठी, अर्धं त्यांचं. काल तिनं सांगितलं की होडीत बसली होती तेव्हा आजीला सगळं सांगून टाकावंसं वाटलं होतं, पण बाबांनी आइस्क्रीम कबूल केलं होतं. मी तिला म्हटलं, तुझी काही चूक नाही, चूक मोठ्यांची.

राग गेला का, असं तू पुढच्या पत्रात विचारशील. राग गेला. राग राहिला असता तर बरं झालं असतं, भांडून मिटवता आला असता. तुझी जुनी पत्रं मी फोनमध्ये काढून वाचते. दिवाळीनंतरची सगळी. त्यात तू लिहिलंयस की यांना गुडघ्याचा त्रास आहे, की शेजारच्यांच्या आंब्याला मोहर धरला, की ताई तुझ्याशिवाय करमत नाही. यातलं कुठलं खरं आणि कुठलं तसंच लिहिलेलं, हे मला ओळखू येत नाही. आपण एका ताटात जेवलो गं.

तुझं वीस तारखेचं पत्र मी सुकन्येला वाचून दाखवलं. मावशी तुझी शपथ म्हणतेय, ती खरंच ऋचाला सांगेल का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, आई, तुमची बहीण आहे, हे मला काय विचारता.

पण मला विचारावं लागलं.

शैलाताई